‘एक तरी गाणं मिक्स केलंय का?’ या प्रश्नाला उत्तर

नमस्कार.

गायनाच्या ट्रॅकमधल्या रिकाम्या जागा कापून टाका, डिस्क मोकळी होईल, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमच्या प्रतिक्रियेची चार वाक्यं. स्ट्रिप सायलेन्सने (शांत जागा आपोआप कापणाऱ्या सोयीने) फाइल लहान होत नाही. थ्रेशोल्ड (ज्या पातळीखालचा आवाज शांतता धरायचा ती पातळी) चुकला की श्वास कापले जातात. जागाच हवी तर फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेली फाइल) करून ठेवा. आणि जाता जाता, ‘असले सल्ले देण्याआधी लेखकाने एक तरी गाणं शेवटपर्यंत मिक्स केलंय का?’

पहिली तीन वाचताना माझी मान हलतही होती. चौथ्याला थांबली. बरं, ‘तुम्ही’ केलंय का असं विचारलं असतं तरी चाललं असतं. ‘लेखकाने’! मी इथेच बसलोय हो, आणि तुम्ही माझी चौकशी तिसऱ्याकडे करताय.

तर, केलंय. सतरा वर्षं हेच करतोय. सुरुवातीला माझ्याकडे 80 जीबीची एकच डिस्क होती, ऑपरेटिंग सिस्टिमही तिच्यावरच. गायक वरच्या षड्जावर पोचला आणि पडद्यावर ‘डिस्क भरली’ अशी पाटी आली, हे मी पाहिलंय. तो बिचारा डोळे मिटून गातच होता. त्याला कसं सांगायचं, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल असं वाटत नाही.

त्या दिवशी मी कागदावर हिशोब मांडला. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, मोनो म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने, प्रत्येकी तीन बाइट. मिनिटाला 8.64 एमबी. वेव्ह फाइलला कुणी गातंय की गप्प उभं आहे याच्याशी देणंघेणं नसतं, ती तेवढीच जागा खाते. चार मिनिटांचं गाणं, कोरसचे सोळा ट्रॅक, झाले साधारण 553 एमबी. कोरस गातो जेमतेम एक मिनिट. उरलेले 415 एमबी म्हणजे सोळा वेळा जपून ठेवलेली पंख्याची घरघर! आणि हा एकच टेक.

श्वासांचं मला सांगू नका. एका गायिकेच्या ट्रॅकवर मी थ्रेशोल्ड उणे 40 डेसिबलला लावला, कापाकापी केली, फाइल कॉम्पॅक्ट केली, म्हणजे कापलेला भाग डिस्कवरूनही पुसला, कचरापेटीही रिकामी केली. तिने हेडफोन लावून ऐकलं आणि विचारलं, ‘अंतऱ्याआधी मी श्वास घेतलाच नव्हता का?’ घेतला होता. मीच कापला होता, आणि मूळ फाइल आता कुठेच नव्हती. शेवटी दुसऱ्या अंतऱ्याआधीचा श्वास उचलून तिथे चिकटवला. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याच्या आधी अर्धा सेकंद सोडतो, दोन्ही टोकांना दहा मिलिसेकंदांचे फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) देतो, आणि कायमचं कापण्याआधी प्रत्येक सांधा कानाने तपासतो. आता सांगा, हे गाणी न केलेल्या माणसाला सुचतं का?

एक मान्य. स्ट्रिप सायलेन्स फक्त टाइमलाइनवरच्या क्लिपचे तुकडे करतं, डिस्कवरच्या फाइलला हातही लावत नाही. जागा सुटते ती नंतर, प्रो टूल्स या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम्पॅक्ट किंवा क्युबेसमध्ये मिनिमाइझ फाइल चालवल्यावर. हे मी एका ओळीत उरकलं होतं. ती ओळ आता वर आणली आहे. अर्थात, ती लेखात होती. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तिथपर्यंत वाचलं असतंत तर तुमचं एक वाक्य वाचलं असतं.

(इतर वाचकांसाठी: ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमधलं ट्रंकेट सायलेन्स या कामाला नको. ते शांतता काढून मागचं सगळं पुढे ओढतं, आणि गायक तबल्याच्या आधी समेवर पोचतो.)

फ्लॅकचं म्हणाल तर तो वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी सवडीने लिहीन. चालू सेशनमध्ये मी फ्लॅक वापरत नाही. का, ते इथे नको.

राहता राहिला तुमचा प्रश्न. तोच मी तुम्हाला विचारणार नाही, तेवढी रीत मला आहे. पण एखादं मिक्स असेल हाताशी तर लिंक टाका. हेडफोन लावून ऐकेन, श्वासांसकट.