फ्रिजचा गॅस ‘संपत’ नसतो: दर उन्हाळ्यात फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या वर गेला की शहराच्या लश्कर भागातल्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर तोच एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. यंदाही तो माझ्याकडे चारी बाजूंनी आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: फ्रिज गार करत नसेल तर गॅस संपला असं समजा, तो दोन-तीन वर्षांनी संपतोच. मेकॅनिक लुटतात, म्हणून गॅसचा कॅन ऑनलाइन मागवा, नळीला व्हॉल्व्ह लावा आणि मीटरवर प्रेशर दिसेपर्यंत घरीच भरा, कुठलाही कॅन चालतो. बाजू तापत असतील किंवा आत पाणी साचत असेल तर गॅस गळतोय. कंप्रेसर सुरू होत नसेल तर रिले (कंप्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) काढून वायर डायरेक्ट जोडा. आणि उन्हाळाभर नॉब ७ वर ठेवा.

रेफ्रिजरेशनचा ट्रेड शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. घरच्या घरी फ्रिज दुरुस्त करण्याला माझा विरोध नाही, उलट लोकांनी ते करावं असंच मला वाटतं. पण फ्रिजमध्ये एक स्पष्ट सीमा आहे. कंप्रेसर, मागची जाळी, आतली कॉइल आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या हा डाग देऊन कायमचा बंद केलेला भाग आहे, तो घरी उघडायचा नाही. त्याच्या बाहेरचं रबर, पंखा, हीटर, सेन्सर, थर्मोस्टॅट, रिले, पाण्याची वाट हे सगळं बारकाईने काम करणारा माणूस घरी तपासू शकतो, बऱ्याचदा बदलूही शकतो. हा मेसेज नेमकं उलटं सांगतो: बंद भागात हात घाला म्हणतो आणि बाहेरच्या भागाबद्दल रिले आणि नॉब सोडले तर दुरुस्तीचं एक अक्षर नाही.

आता एकेक मुद्दा.

गॅस दोन-तीन वर्षांनी संपतो, हे साफ खोटं आहे. तो जळत नाही, खर्च होत नाही. कंप्रेसर त्याला दाबतो, जाळीत तो उष्णता सोडून द्रव होतो, मग एक मिलिमीटरपेक्षाही बारीक नळीतून, म्हणजे कॅपिलरीतून, आतल्या कॉइलमध्ये जाऊन पुन्हा वायू होतो आणि कप्प्यातली उष्णता ओढून घेतो. तेवढाच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. पंधरा-वीस वर्षं एकदाही गॅस न भरलेले फ्रिज आपल्या वाड्यांमधून आजही चालू आहेत. गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहेच, आणि ती न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा भरणं. मला वाईट याचं वाटतं की मेकॅनिकच्या लुटीविरुद्ध लिहिलेला हा मेसेज त्याच लुटीचं सगळ्यात जुनं वाक्य लोकांच्या गळी उतरवतो. ‘गॅस संपलाय, भरावा लागेल’ हे ऐकून माणूस मान डोलावतो, कारण हा मेसेज त्याने आधीच वाचलेला असतो.

‘गार होत नाही म्हणजे गॅस गेला’ या वाक्यावर मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण पैसे इथेच वाया जातात.

जनकगंजात ओळखीच्या एक काकू राहतात. त्यांच्याकडे दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणारा, फ्रिज आहे. मार्चमध्ये गॅस भरून घेतला, मेमध्ये पुन्हा तीच रड.

‘काकू, वरच्या कप्प्यात बर्फ होतोय का?’

‘वर सगळं घट्ट आहे रे. खालीच दूध नासतंय.’

निदान या एका उत्तरातच होतं. वरचा कप्पा गोठतोय म्हणजे कंप्रेसर चालू आहे आणि गॅसही आहे. खाली थंडावा येत नाही म्हणजे हवा पोचत नाही. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये कॉइल फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड असते आणि पंखा तिथली गार हवा खाली ढकलतो. प्लग काढला, पॅनेलचे स्क्रू सोडले, तर कॉइलच्या पत्र्या दिसतच नव्हत्या. खालपासून पंख्याच्या पात्यांपर्यंत पांढऱ्या बर्फाची सलग लादी होती. या कॉइलवर हिम धरणारच, ते वितळवायला खाली हीटर असतो आणि ठरावीक तासांनी तो आपोआप लागतो. तो लागत नव्हता. मग प्रश्न उरला की हीटर, जास्त तापल्यावर तुटणारा थर्मल फ्यूज, तापमानानुसार जुळणारा-उघडणारा बायमेटल स्विच की हीटरची वेळ ठरवणारा टायमर, यातलं गेलं काय?

मल्टीमीटर असेल तर हे घरी कळतं. बर्फ पूर्ण वितळू द्या, सुरी किंवा पेचकस अजिबात लावू नका. कॉइलच्या ॲल्युमिनियमला भोक पडलं तर खरोखरच गॅस जाईल आणि छोटं काम मोठं होऊन बसेल. नंतर हीटरची दोन्ही टोकं सोडवून रोध (रेझिस्टन्स) मोजा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १५० वॅटच्या हीटरचा रोध ३५० ओहमच्या आसपास येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला. फ्यूज मीटरवर आरपार जोडलेला दिसला पाहिजे. बायमेटलची मात्र एक गोम आहे, आणि इथे शिकलेली पोरंसुद्धा फसतात: खोलीच्या तापमानाला तो उघडाच असतो, थंडीतच जुळतो. उन्हाळ्यात टेबलावर ठेवून मोजला तर चांगला बायमेटलही खराब वाटतो. तो चालू फ्रीझरमध्ये ठेवून, शून्याच्या बराच खाली गार झाल्यावर मोजायचा, नुसता बर्फ पुरत नाही. काकूंचा बायमेटल गार होऊनही जुळला नाही. तेवढा एक भाग बदलला आणि फ्रिज चालू झाला. गॅसला कोणी हात लावला नाही, मार्चमध्येही लावायची गरज नव्हती.

मग गॅस खरंच कमी झाला हे कसं ओळखायचं? कंप्रेसर एकसारखा चालू राहतो, कधी बंद पडत नाही, तरी मागची जाळी जेमतेम कोमट लागते. आतल्या कॉइलवर हिम सगळीकडे सारखं धरत नाही, सुरुवातीच्या थोड्या भागावरच धरतं आणि पुढचा भाग कोरडा राहतो. ही चिन्हं एकत्र दिसली तर मेकॅनिकला बोलवा. कॅपिलरी तुंबली तरी चित्र असंच दिसतं, ते तोच ठरवेल.

त्याआधी दोन गोष्टी पाहा. लश्करातल्या जुन्या घरांत फ्रिज कोनाड्यात किंवा भिंतीला टेकवून ठेवायची सवय आहे. जाळीवर धुळीचा थर आणि मागे हवेला जागा नाही, अशा अवस्थेत ४५ अंशांच्या खोलीत ती उष्णता सोडणार कुठे? प्लग काढून मऊ ब्रशने जाळी साफ करा आणि फ्रिज हातभर पुढे ओढा. दुसरं दाराचं रबर. रात्री खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च लावून आत ठेवा, दार बंद करा. फटीतून उजेड दिसला तर तिथून दिवसभर गरम हवा आत जातेय. रबर कोमट साबणाच्या पाण्याने धुवा. वाकलं असेल तर हेअर ड्रायरने हलकं गरम करून हाताने बसवा. फाटलं असेल तर बदलाच.

आता कॅनने गॅस भरण्याबद्दल. या मेसेजमधला हा सगळ्यात धोकादायक सल्ला आहे. आजच्या बहुतेक नव्या घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. लेबलवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं, कंप्रेसरवर ज्वालेचं चित्र असलेला पिवळा त्रिकोण असतो. हा गॅस ज्वालाग्राही आहे, हवेपेक्षा दुपटीने जड आहे म्हणून जमिनीलगत साचतो, आणि शेगडीच्या एलपीजीसारखा त्याला वास घातलेला नसतो. हवेत तो २ टक्क्यांहूनही कमी असला तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो. तुम्ही स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या शेगडीपासून दोन पावलांवर, नळीला भोक पाडणारा व्हॉल्व्ह आवळणार आहात हे लक्षात घ्या.

शिवाय ते कामही होत नाही. मेसेज म्हणतो, मीटरवर प्रेशर दिसेपर्यंत भरा. आयसोब्युटेन उणे ११.७ अंशाला उकळतो आणि फ्रीझरची कॉइल त्याहून गार असते, त्यामुळे चालू फ्रिजमध्ये ओढीच्या बाजूचा (कंप्रेसर जिथून गॅस ओढतो तिथला) दाब हवेच्या दाबापेक्षाही कमी असतो. काटा शून्याच्या वर यायची वाट पाहिलीत तर गॅस जास्त भरला जाणार. एकूण भरणाच बहुतेक ५० ग्रॅमच्या आसपास असतो, त्यात दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फ्रिज बिघडतो. म्हणून तो वजनकाट्यावर भरतात, आणि त्याआधी ड्रायर (नळीतली ओलावा शोषणारी गाळणी) बदलून व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओलावा काढतात. ओलावा राहिला तर कॅपिलरीच्या तोंडाशी त्याचा बर्फ होतो आणि वाट बंद. आर-१३४ए हा फ्रिजचा दुसरा गॅस, त्याच्या कंप्रेसरची घडण आणि तेल वेगळं, आर-६००ए चं वेगळं, त्यामुळे ‘कुठलाही कॅन चालतो’ हेही खरं नाही. घरच्या सिलिंडरचा गॅस भरण्याचा सल्ला तर कोणी देऊच नये. तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण आहे, त्याचा दाब जास्त, आणि फ्रिजला लागतो तेवढा तो शुद्ध आणि कोरडा नसतो.

बाजू तापणं आणि पाणी साचणं, दोन्हींचा गळतीशी संबंध नाही. अनेक फ्रिजमध्ये जाळी मागे दिसत नाही, तिच्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात, म्हणून पत्रा तापतो. तापतोय याचा अर्थ उष्णता बाहेर पडतेय. फक्त त्या पत्र्यात खिळा किंवा स्क्रू ठोकू नका. भाजीच्या खाली साचतं ते हवेतल्या ओलाव्याचं पाणी. मागच्या भिंतीतलं भोक कोथिंबिरीच्या काडीने किंवा शेवाळाने तुंबलेलं असतं. सिरिंजने कोमट पाणी सोडलं की वाट मोकळी होते.

कंप्रेसर डायरेक्ट करणं हा जुन्या कारागिरांचा उपाय, पण तो काही सेकंदांच्या तपासणीपुरता. घरी करायचा नाही आणि तसाच जोडून ठेवायचा तर मुळीच नाही. गुणगुण आवाज येतो, थोड्या वेळाने टक् होतं, काही मिनिटांनी पुन्हा तेच, हे ऐकू आलं तर आधी सॉकेटवर व्होल्टेज मोजा. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळे कूलर एकदम चालू होतात तेव्हा ते किती उतरतं हे आपल्याला माहीत आहे. व्होल्टेज ठीक असेल तर प्लग काढून रिले उपसा. हलवल्यावर आत खुळखुळ वाजला तर बहुतेक तोच फुटलाय, आणि तो त्याच नंबरचा मिळतो. ती टक् करणारी वस्तू ओव्हरलोड, ती मोटरची वाइंडिंग (तारांची गुंडाळी) जळू नये म्हणून पुरवठा तोडते. तिला वगळून वायर जोडली तर अडकलेला कंप्रेसर तापत जाऊन जळतो. इन्व्हर्टर फ्रिजमध्ये (ज्यात कंप्रेसरचा वेग कमी-जास्त होतो) तर कंप्रेसर स्वतःच्या बोर्डावर चालतो, त्याला घरची लाईन थेट दिली की तो तिथेच गेला.

नॉब ७ वर ठेवून फ्रिज लवकर गार होत नाही. साध्या कंप्रेसरचा वेग तोच राहतो, नॉब फक्त कधी थांबायचं ते ठरवतो. एका दाराच्या फ्रिजमध्ये उन्हाळ्यात ७ वर कंप्रेसर जवळजवळ थांबतच नाही, बर्फाचा थर वाढतो आणि तोच थर थंडावा अडवतो. अंदाज नको असेल तर पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर बुडवून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा. सकाळी २ ते ५ अंश दिसले तर नॉबला हात लावू नका. लेबलवर क्लायमेट क्लासही पाहा, म्हणजे किती गरम खोलीसाठी फ्रिज बनवलाय ते: एन म्हणजे ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. आपल्या मे महिन्यात ‘टी’ सुद्धा कमी पडतो. दुपारी फ्रिज जास्त वेळ चालला तर तो बिघाड नाही.

राहिला मेकॅनिक लुटतात हा आरोप. काही जण लुटतात, मीही पाहिलंय. त्यावर उपाय कॅन नाही, प्रश्न विचारणं आहे. गॅस भरायला आलेल्याला विचारा: गळती कुठे होती, दाखवा. ड्रायर बदलला का? व्हॅक्यूम पंप आणलाय का? गॅस वजन करून भरणार का? ज्याला काम येतं तो या प्रश्नांवर चिडत नाही, वाकून जागा दाखवतो. मग लेबलवरचं वजन आणि भरलेलं वजन जुळवून पाहा आणि गॅसचं नाव, ग्रॅम, तारीख त्याच्याकडून बिलावर लिहून घ्या.