दलाचं मनःस्वास्थ्य: साहेबांसाठी बिनखर्ची उपाय

पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, कंट्रोल रूम, कुठल्याही दलात तुमच्या टेबलावर 'कर्मचारी कल्याण' हा विषय आला असेल, तर आधी अभिनंदन! फलक, फोटो आणि अहवाल एवढं जमलं की कल्याण झालंच म्हणून समजा.

सुरुवात सत्रापासून करा. विषय 'तणावमुक्त जीवन', उपस्थिती सक्तीची. वेळ मात्र नेमकी साधायला हवी. नाइट सकाळी सातला सुटते, तेव्हा सत्र साडेनऊला. गेल्याच आठवड्यात आमच्या वाट्याला असं एक आलं, म्हणून खात्रीने सांगतो. 'पुरेशी झोप घ्या' हे वक्त्यांचं पहिलं वाक्य संपायच्या आत मागच्या रांगा ते आचरणात आणतात. पेंगणाऱ्यांची नावं टिपून ठेवा, मेमो द्यायला बरी.

आदल्या दुपारी चारला उठलेला माणूस सकाळी नऊला 17 तास जागा असतो. 17 तासांच्या जागरणाने हात-डोळ्यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखा बिघडतो आणि 24 तासांनी 0.10 च्या आसपास असल्यासारखा. 1997 साली हे 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापून आलंय. म्हणजे रात्रभर नाक्यावर लोकांच्या तोंडाला श्वासाचं यंत्र लावणाऱ्याला तुम्ही आधी तणावमुक्त करता आणि मग तशाच अवस्थेत स्वतःची गाडी चालवत घरी धाडता. तो धडकला, तर 'वाहन चालवताना निष्काळजीपणा' हा रकाना आहेच.

पाळ्या उलट्या फिरवा: रात्र, दुपार, सकाळ. शरीराचं घड्याळ पुढे ढकललेलं चालवून घेतं, मागे ओढलं की कुरकुरतं, म्हणून मुद्दाम मागे ओढा. दुपारपाळी रात्री दहाला सोडा आणि त्याच माणसाला पहाटे सहाला हजर करा. तक्त्यात आठ तास विश्रांती झकास दिसते. त्यातून जाणं-येणं, आंघोळ, जेवण वजा जाता पाचेक तास झोप उरते, पण तक्त्याला झोपेचा रकाना कुठे असतो? युरोपीय संघाचा 2003 चा निर्देश 24 तासांत सलग 11 तास विश्रांती द्यायला सांगतो. सांगू दे.

साप्ताहिक सुट्टी अवश्य द्या, फोन चालू ठेवण्याच्या अटीवर.

नाइटला कुणी 20 मिनिटांची डुलकी काढताना दिसला, तर लगेच कारवाई करा. तेवढ्या झोपेने पहाटे तीन ते पाचची चूक टळते, म्हणे.

आगीवरून आलेले सूट झोपायच्या खोलीतच टांगू द्या. जागेवरच ब्रशने साबण-पाण्याने धुणं, पिशवीत बंद करून आणणं, तासाभरात आंघोळ, हे चोचले झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2022 साली अग्निशामकाचं कामच कर्करोगकारकांच्या गट 1 मध्ये, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत, टाकलंय, तेव्हा आता सूट धुऊन काय होणार!

लहान मुलाचा मृतदेह उचलावा लागला, सहकारी गेला, असं काही घडलं की त्याच रात्री सगळ्यांना गोल बसवा आणि प्रत्येकाकडून 'काय पाहिलं, काय वाटलं' वदवून घ्या. उपचार कसे करावेत हे सांगणारी ब्रिटनची नाइस ही संस्था 2018 च्या मार्गदर्शिकेत पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आजार, टाळण्यासाठी असलं डीब्रीफिंग करू नका म्हणते. ज्याने फक्त बाहेर गर्दी आवरली, त्यालाही आतला सगळा तपशील ऐकावा लागतो. पण फोटो छान येतो. बदली माणूस देऊन हादरलेल्याला तिथून बाजूला काढणं, रक्ताचे कपडे बदलायला देणं, घरी फोन लावून देणं, दुसऱ्याने गाडीने सोडणं, पुढे महिनाभर लक्ष ठेवणं, आणि तरीही तीच स्वप्नं, दचकणं, तो रस्ता टाळणं थांबलं नाही तर ट्रॉमावरच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाकडे पाठवणं, यात फोटो कसला येणार?

कंट्रोल रूमला यातून वगळा. ते बिचारे खुर्चीतच तर बसलेले असतात! फोनवरच्या बाईला मिनिटाला 100 ते 120 च्या लयीत आकडे मोजून देत नवऱ्याची छाती दाबायला लावायची, मागे पोरांचं रडणं ऐकायचं, रुग्णवाहिका पोचली की लाइन कट, आणि हेडफोनमध्ये पुढचा कॉल. तो माणूस वाचला का, हे कळवू नका. एका ओळीचा निरोप पाठवायला वेळ कुणाला आहे?

समुपदेशकाची खोली साहेबांच्या केबिनला खेटून ठेवा, बाहेर सहीची वही. कुणी मोकळेपणाने बोललाच, तर पिस्तूल जमा आणि स्टोअरला बदली. पुढच्या वर्षी एकही जण फिरकणार नाही. अहवालात लिहा: तणावाची तक्रार निरंक.

पुरे झालं. लाज वाटली पाहिजे तुम्हाला. मृतदेह बघावे लागणार हे भरती होतानाच माहीत असतं माणसाला. बहिणीच्या लग्नाची रजा आदल्या संध्याकाळी रद्द होणार, हे कुणी सांगितलेलं नसतं. रिकामी पदं भरत नाही, प्रत्येक खड्डा डबल ड्यूटीने बुजवता, आणि वर त्यालाच श्वास मोजायला शिकवता? तक्ता महिनाभर आधी लावा आणि पाळा. बोलायला सहकाऱ्यांनीच निवडलेली, तुमच्या हाताखालच्या साखळीत नसलेली माणसं द्या. काय गुप्त राहील आणि जिवाला धोका दिसला तर काय सांगावं लागेल, हे त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगायला हवं. शस्त्र काढून घेणार असाल, तर परत कधी आणि कशावर मिळेल ते लेखी द्या.

आणि भिंतीवर ती हेल्पलाइन चिकटवली आहे ना, तिला एकदा रात्री तीनला स्वतः फोन लावा. उचलतंय का कुणी, बघा.