बिंदू चौकातले दोन पुतळे आणि दोन माणसे

कॉम्रेड गोविंद पानसरे आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते प्रा. एन. डी. पाटील यांच्याबरोबर कोल्हापूरचा पुरोगामी वारसाही संपला, हे मी वाचलेल्या एका लेखातील विधान मला मान्य करवत नाही. हा वारसा या दोघांपूर्वीचा आहे. १९०२ साली शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, आणि १९५० साली, बाबासाहेब हयात असतानाच, कोल्हापूरचे समाजसुधारक भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. त्या चौकातून जाताना अजूनही माझी पावले मंदावतात.

पानसरे मूळचे नगर जिल्ह्यातील कोल्हारचे. शिक्षणासाठी येथे आले आणि कायमचे या शहराचे झाले. कामगारांचे खटले चालवणारा हा वकील आंतरजातीय विवाह करणाऱ्या तरुणांच्या पाठीशी उभा राहत असे, आणि शिवाजी महाराजांची रयतेचा राजा ही ओळख साध्या भाषेत गावोगावी सांगत असे. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून परतताना त्यांच्यावर व त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. एन. डी. सरांनी तर वयाची ऐंशी उलटल्यावर कोल्हापुरातील टोलविरोधी आंदोलनाचे नेतृत्व केले. तो टोल अखेर रद्द झाला. जानेवारी २०२२ मध्ये तेही गेले.

लेखात भाई बागलांचा साधा उल्लेखही नाही, याचे मला फार वाईट वाटले.