विषाशेजारीच उतारा असतो का?

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील उपोष्ण वर्षावनात पायी फिरायला जाणाऱ्या पर्यटकांना एक सल्ला हमखास ऐकवला जातो : डंख मारणाऱ्या झाडाचे पान अंगाला लागले, तर शेजारीच उगवलेल्या कंजेवॉय या अळवासारख्या वनस्पतीचा चीक चोळावा, कारण निसर्ग विषाजवळच उतारा ठेवतो, जळू चिकटली तर मीठ टाकावे, आणि वाट चुकलीच तर ओढा धरून खाली उतरावे.

या दोन वनस्पती बऱ्याचदा जवळजवळ आढळतात, एवढे मात्र खरे आहे. दोघींनाही ओलावा मानवतो, म्हणून त्या एकत्र दिसतात; त्यात निसर्गाची दयाबुद्धी शोधण्याचे कारण नाही. डंख मारणाऱ्या झाडाची पाने मोठी, हृदयाच्या आकाराची आणि बहुधा किड्यांनी खाऊन चाळणी झालेली असतात. त्यांच्यावरची मखमली लव म्हणजे सिलिकाच्या पोकळ, अतिसूक्ष्म सुया असून त्या कातडीत मोडून राहतात आणि त्यांतील विषामुळे होणारी वेदना काही वेळा महिनोन्‌महिने उलटून येते. हे विष प्रथिनासारख्या रेणूंचे असून त्याची घडण कोळ्याच्या विषाशी मिळतीजुळती असल्याचे क्वीन्सलंड विद्यापीठातील संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले. अशा जागी काहीही चोळले की सुया आणखी रुततात. त्यातून कंजेवॉय हे अळवाच्याच कुळातले असल्यामुळे त्याच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात, आणि तो डोळ्यांत गेला तर नवेच दुखणे उभे राहते. त्यापेक्षा केस काढण्याची मेणपट्टी त्या जागी चिकटवून ओढावी, म्हणजे निदान काही सुया तरी निघून येतात.

जळवांचे फारसे मनावर घेऊ नये. मिठाने जळू सुटते, पण सुटताना पोटातले जखमेत ओकण्याची शक्यता असते. नखाने तिचे तोंड बाजूला सरकवले की काम भागते.

ओढ्याचा सल्ला मात्र जीवघेणा आहे. लॅमिंग्टनचे पठार कड्यांवर संपते आणि तेथील ओढे धबधब्यांच्या रूपाने खाली कोसळतात. 19 फेब्रुवारी 1937 रोजी ब्रिस्बेनहून सिडनीकडे निघालेले स्टिन्सन विमान या रानात कोसळले. विमानातील सात जणांपैकी तिघे वाचले. त्यांतला वेस्ट्रे मदत आणण्यासाठी उताराने निघाला, कड्यावरून पडला आणि ओढ्याकाठीच त्याचा अंत झाला. पाय मोडलेला प्राउड आणि त्याच्या सोबतीला बिन्स्टेड असे दोघे अवशेषांपाशीच थांबले. विमानाच्या शोधात निघालेले त्याच भागातले रहिवासी बर्नार्ड ओ'रायली यांना डोंगरावरून पाहताना दूरवरच्या हिरव्या रानात एक करपलेले झाड दिसले. त्या खुणेच्या रोखाने झाडी तोडत ते निघाले आणि अपघातानंतर दहाव्या दिवशी या दोघांपर्यंत पोहोचले.