हात लागला म्हणून आई पिल्लाला टाकत नाही

विणीचा हंगाम सुरू झाला की हा मेसेज ठरल्यासारखा येतो. चोच वासलेल्या पिल्लाचा फोटो, शेवटी जोडलेले हात, आणि मधला मजकूर साधारण असा: घरट्यातून पडलेल्या पिल्लाला माणसाचा हात लागला की आई त्याला पुन्हा जवळ करत नाही, म्हणून ते परत ठेवू नका. घरी आणा, ड्रॉपरने पाणी पाजा, दुधात भिजवलेला पाव भरवा, आठवडाभर सांभाळा आणि पंख आले की गच्चीवरून हवेत सोडा.

गेल्या आठवड्यात हाच मेसेज मला तीन ग्रुपवरून आला. पाठवणाऱ्यांच्या मनात काही वाईट नाही, उलट कळवळाच आहे. पण त्यातलं पहिलं वाक्य खोटं आहे आणि बाकीची सगळी त्याच्याच खांद्यावर उभी आहेत. आई घेणारच नाही असं एकदा मानलं की पिल्लू घरी आणणं भाग पडतं, आणलं की काहीतरी भरवणंही आलंच. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

“माणसाचा हात लागला की आई टाकते”

नाही टाकत. १८९९ मध्ये डेन्मार्कमधल्या हान्स मॉर्टेन्सन या शिक्षकाने स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात क्रमांक कोरलेल्या रिंगा घातल्या. तेव्हापासून जगभर पक्ष्यांना अशा रिंगा घातल्या जातात. अभ्यासक घरट्यातली पिल्लंही बाहेर काढतात, तळहातावर घेतात, वजन करतात, रिंग घालतात आणि परत ठेवतात. आईबाप थोड्या वेळाने चोचीत अळी घेऊन हजर होतात. हात लागल्याने पिल्लं टाकली जात असती, तर ही पद्धत कधीच बंद पडली असती.

यावर काही जण हिरिरीने सांगतात की पक्ष्यांना वासच येत नाही. तेही चूक. अमेरिकेतली टर्की गिधाडं झाडीखाली दडलेलं मेलेलं जनावर वासावरून शोधतात. मुद्दा नाकाचा नाहीच. वासलेली चोच समोर आली की तिच्यात घास टाकल्याशिवाय आईबापांना राहवत नाही. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं हे तर आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. जी कावळी दुसऱ्याच जातीचं पोर पोसते, ती आपल्या पोराला बोटांचा वास आला म्हणून हाकलेल?

या समजुतीत खऱ्याचा अंश आहे तो एवढाच: घरटं बांधताना किंवा अंडी उबवताना वारंवार डोकावत राहिलं, तर काही जोड्या घरटं सोडून जातात. पण ते धोक्याच्या भीतीने, वासामुळे नाही.

“पडलेलं पिल्लू” म्हणजे नक्की कोणतं?

हे मेसेजमध्ये कुठेच नाही, आणि खरी गोम इथेच आहे. जमिनीवर दिसणारी पिल्लं दोन प्रकारची असतात. पहिलं उघडं किंवा जेमतेम लव आलेलं. कातडी गुलाबी, पोट टम्म, डोळे मिटलेले किंवा नुकते उघडलेले. हे खरंच पडलेलं असतं. दुसऱ्याच्या अंगावर पिसं असतात, शेपूट आखूड असते, डोक्यावर कुठे कुठे लव चिकटलेली असते. बोट पुढे केलं तर ते नख्यांनी घट्ट पकडतं. ते पडलेलं नसतं, बाहेर पडलेलं असतं. बुलबुलासारख्या पक्ष्यांची पिल्लं धड उडता येण्याआधीच घरटं सोडतात. पुढचे बरेच दिवस खाली झुडपांत टुणटुण उड्या मारत काढतात आणि आईबाप तिथे येऊन भरवतात. माणसं उचलून आणतात ती बहुतेक हीच पिल्लं. त्याला मी तरी वाचवणं म्हणणार नाही. ते चक्क अपहरण आहे.

“पण आई कुठेच दिसत नव्हती.” दिसणार कशी? आपण तिथे उभे असतो ना! लांब जा, खिडकीआडून तासभर बघा. ती बहुधा जवळच्याच फांदीवर घास घेऊन खोळंबलेली असते, चुक् चुक् करत शेपूट हलवत. आपण हललो की उतरते, दोन सेकंदांत भरवते आणि पसार होते. मोबाइलमध्ये बघत बसलं तर तेवढंही निसटतं.

अपवाद पाकोळीचा. लांब कोयत्यासारखे पंख आणि इवलेसे पाय असलेला हा पक्षी जमिनीवर वावरायला बनलेलाच नाही. तो खाली पडलेला दिसला तर मदत हवीच.

“परत ठेवू नका”

उघडं पिल्लू परतच ठेवायचं. आधी ते दोन्ही तळव्यांत धरून ऊब द्या, कारण त्याला स्वतःचं अंग गरम राखता येत नाही, आणि गारठलेलं पिल्लू चोचही उघडत नाही. मग घरट्यात ठेवा. घरटंच मोडलं असेल तर तळाला भोकं असलेली लहान टोपली घ्या, आत सुकं गवत घाला आणि जुन्या जागेच्या जवळ, सावलीत बांधा.

पिसांवाल्याला मात्र घरट्यात कोंबू नका. ते पुन्हा उडी मारतं, आणि त्या गडबडीत तयार नसलेली भावंडंही बाहेर पडतात. मांजराच्या किंवा गाड्यांच्या वाटेत असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवायचं, बस.

“ड्रॉपरने पाणी पाजा”

मी हे केलंय. मला पहिल्यांदा सापडलेलं पिल्लू बुलबुलाचं होतं. त्याने लालसर चोच वासली आणि मी ड्रॉपर दाबला. त्याने मान झटकली, नाकपुडीवर एक बुडबुडा आला आणि फुटला. संध्याकाळपर्यंत ते चोच उघडी ठेवून धापा टाकत होतं, रात्री गेलं. ते उपाशी होतं म्हणून गेलं, असंच मी कितीतरी दिवस धरून चालले होते.

पिल्लाच्या चोचीत नीट पाहिलं तर जिभेच्या मुळाशी एक छिद्र उघडमीट करताना दिसतं. ती श्वासनलिका. आपल्यासारखं तिच्यावर झाकण नसतं, त्यामुळे वरून ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसांत जाऊ शकतं. घरट्यात कुणी या पिल्लांना वेगळं पाणी पाजत नाही. अळ्या-किड्यांतून मिळतं तेवढं त्यांना पुरतं.

“दूध-पाव भरवा”

दूध पक्ष्यांना पचत नाही, आणि पावाने पोट भरतं, हाडं भरत नाहीत. चिमणीसारखे दाणे टिपणारे पक्षीही पिल्लांना मुख्यतः किडेच भरवतात. शिवाय दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर अर्ध्या तासाला, कधी त्याहूनही लवकर. नोकरी सांभाळून कुणी हे करून दाखवावं!

“पंख आले की गच्चीवरून सोडा”

पंख आले म्हणजे उडता आलं असं नाही, आणि उडता आलं म्हणजे जगता आलं असंही नाही. किडा कुठे शोधायचा, मांजर दिसलं की कुठे दडायचं, आपल्या जातीची धोक्याची हाक कोणती, हे ते आईबापांच्या मागे फिरून शिकतं. गाणंसुद्धा शिकावं लागतं. १९५० च्या दशकात केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी चॅफिंच पक्ष्याची पिल्लं इतरांपासून तोडून वाढवली, तेव्हा मोठेपणी ती आपल्या जातीचं गाणं धड गाऊ शकली नाहीत. माणसाच्या हातून खाल्लेल्या पिल्लाची भीतीही मोडते. मग ते कुणाच्याही खांद्यावर बसतं, व्हिडिओ गोड होतो, आणि बाहेरच्या जगात ते फार टिकत नाही.

जाणकार मंडळी म्हणून तर आधी मोठ्या पिंजऱ्यात पंखांना सराव देतात, शक्य तर त्याच जातीच्या पिल्लांसोबत. मग दार उघडं ठेवून बरेच दिवस तिथेच खाणं ठेवतात. हवेत फेकत कुणीच नाही.

मदत खरोखर लागते तेव्हा मात्र वेळ घालवू नये. रक्त आलंय, पंख लोंबतोय, आईबाप मेलेले दिसलेत, उघडं पिल्लू परत ठेवूनही दोन तासांत कुणी फिरकलं नाही, किंवा मांजराने तोंडात धरलं होतं. मांजराच्या बाबतीत जखम दिसत नसली तरी जायचं, कारण लाळेतल्या जिवाणूंनी पिल्लू एक-दोन दिवसांत दगावू शकतं आणि त्याला अँटिबायोटिकच लागतं. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, तळाशी मऊ कापड, एका बाजूला फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, वरून झाकण. खाणं-पाणी काही नाही. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा वन्यजीव बचाव केंद्रात न्यायचं, आणि सापडल्याची नेमकी जागा खोक्यावरच लिहायची. पिल्लू बरं झालं तर शक्यतो तिथेच सोडायचं असतं.