उजेड दिसला तर जनेलाकडे जाऊ नका

डिचोलीच्या आमच्या घरी बोलायला कोंकणी आणि लिहायला-वाचायला मराठी, त्यामुळे फॅमिली ग्रुपवर भांडण लागलं की ते दोन्ही भाषांत लागतं. २०२५ च्या फेब्रुवारीत असंच लागलेलं. २०२४ वायआर४ नावाचा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळायची शक्यता ३.१ टक्क्यांवर गेली होती, आणि आदळलाच तर कुठे, त्या पट्ट्यात अरबी समुद्र पण होता आणि भारत पण. झालं. अरबी समुद्र म्हटल्यावर गोवेकराच्या डोळ्यांपुढे काय येणार, मिरामारचा किनारा. काकांनी कलियुगाचा शेवट जाहीर केला, आतेभाऊ म्हणाला नासाला सगळं माहिती असतं पण सांगत नाहीत, आणि वहिनीचा प्रश्न सगळ्यात प्रॅक्टिकल, पर्वरीच्या फ्लॅटचे हप्ते भरायचे की थांबायचं? थोड्याच दिवसांत नवी निरीक्षणं आली, शक्यता जवळपास शून्यावर आली, ती बातमी मात्र कुणीच फॉरवर्ड केली नाही.

मी इथे इंग्लंडात स्विंडनला. हे गाव पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या गोवेकरांनी भरलेलं, मी पण त्यातलाच एक. तर मी इथून एक लांबलचक शहाणा मेसेज टाकला, परदेशात राहिलं की माणसाला ही खाज येतेच. आपले लोक कधी सुधारणार वगैरे, आणि मग विंचकोंबचं उदाहरण. विंचकोंब हे इथलंच एक गाव, माझ्या घरापासून गाडीने साधारण तासाभरावर. २८ फेब्रुवारी २०२१ ला, लॉकडाऊन चालू असताना, रात्री दहाच्या सुमारास आकाशात मोठा अग्निगोल दिसला आणि तिथल्या एका घरासमोर जिथे गाडी लावतात त्या डांबरावर दगड पडून फुटला. सकाळी घरातल्यांना बघितल्यावर कोळशाचा चुरा वाटला. पण त्यांनी हातमोजे घालून तो गोळा केला, दह्याच्या डब्यात आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत भरला, तज्ज्ञांना कळवलं आणि पुढे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमला देऊन टाकला. असा कार्बनवाला दगड फार दुर्मिळ असतो. मी लिहिलं, आमच्याकडे हा पडला असता तर संध्याकाळपर्यंत त्याला शेंदूर लागला असता.

दादाचं उत्तर दोन ओळींचं. दादा पूर्वी पणजीला जुंता हाउसच्या गच्चीवर दुर्बिणीतून शनी बघायला जायचा, त्यामुळे त्याला यातलं कळतं. त्याने लिहिलं, ६ जून २०१७, जयपूरजवळ मुकुंदपुरा, शेतात पडला, साधारण दोन किलोचा, तुझ्या विंचकोंबच्याच जातीचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे गेला. शेंदूर नाही लागला.

मी अंगठा टाकला आणि गप्प बसलो. दुसरं काय करणार.

पण डोक्यातून जाईना, म्हणून मग मी बाकीच्या ठिकाणी लोकांनी काय केलं ते वाचत सुटलो. अमेरिकेत अलाबामात ३० नोव्हेंबर १९५४ ला सोफ्यावर झोपलेल्या एका बाईच्या घराचं छप्पर फोडून दगड आत आला, रेडिओवर आपटला आणि तिच्या कमरेजवळ लागला. मोठी काळी जखम झाली, बाई वाचली. आणि मग भाडेकरू आणि घरमालकीण यांच्यात दगड कुणाचा यावर भांडण, वकील, तडजोड, आणि एवढं सगळं होईपर्यंत विकत घेणारंच कुणी उरलं नाही, शेवटी तो म्युझियमला गेला. हे वाचताना मला आमच्या वाड्यावरचा माडांचा वाद आठवला, झाड एकाच्या हद्दीत आणि नारळ पडतात दुसऱ्याच्या. रशियात २०१३ ला चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली तर झिरिनोव्स्की नावाचे तिथले मोठे पुढारी म्हणाले, ही उल्का नाही, अमेरिकेची शस्त्रचाचणी आहे. आमचा आतेभाऊ निदान खासदार तरी नाही. आणि आपल्याकडे २०१६ ला वेल्लोरजवळ एका कॉलेजात स्फोट होऊन बस ड्रायव्हर गेला, जयललितांनी उल्का म्हणून जाहीर करून मदत पण दिली, मग नासाचे लोक म्हणाले फोटोंवरून हा जमिनीवरचाच स्फोट वाटतो. म्हणजे देव, शत्रू, मालकी, भरपाई, सगळीकडे हेच. तेव्हा आपले लोक असेच आणि इकडचे लोक तसे, हे जे आम्ही बाहेरून लिहितो ना, ते बहुतेक वेळा स्वतःला मोठं वाटावं म्हणूनच लिहितो.

वाद घालायचाच तर माझं म्हणणं आहे की काचेवर घाला.

चेल्याबिन्स्कचं नीट बघा. १५ फेब्रुवारी, सकाळचे सव्वानऊ वाजून गेलेले, जेमतेम वीस मीटरचा दगड सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने आला आणि जमिनीपासून तीसेक किलोमीटर वर फुटला. सूर्यापेक्षा जास्त उजेड. आवाज नाही. लोक काय करणार, सगळे खिडकीकडे धावले, फोन घेऊन. आणि दोन-अडीच मिनिटांनी हवेचा धक्का आला आणि खिडक्या तोंडावर फुटल्या. सुमारे दीड हजार लोक दवाखान्यात गेले, बहुतेक काचेने कापलेले, मेलं कुणीच नाही. दगड कुणाच्या डोक्यात पडला नाही, काच पडली. एका शाळेत बाईंनी उजेड बघून मुलांना बाकांखाली घातलं, मुलांना खरचटलं पण नाही, बाईंनाच लागलं.

उजेड आधी आणि आवाज मागून, आता हे आपल्याला काही नवीन आहे का? पावसात वीज चमकली की आम्ही पोरं एक दोन तीन मोजत गडगडाटाची वाट बघायचो. काळ्या दगडाच्या क्वारीत सुरुंग लावायचे तेव्हा लांबून आधी धूळ उडालेली दिसायची आणि आवाज मागून. पण गोव्यात आवाज झाला की पहिला विचार, कुठच्या देवळात गर्नाल, म्हणजे मोठ्या आवाजाचे फटाके, लावले? आणि सगळे बाहेर बघायला.

त्यात आता घरं काचेची झालीयत. आमच्या जुन्या घराला शिंपल्यांची जनेलं, म्हणजे खिडक्या, होती, लाकडाच्या चौकटीत शिंपल्याचे पातळ चौकोन बसवलेले, उजेड दुधासारखा यायचा. शिंपला फुटला तरी काचेसारख्या सुऱ्या होऊन अंगावर येईल असं मला नाही वाटत, हे माझं घरगुती विज्ञान, दादा मान्य करत नाही. त्यानेच ती काढून स्लायडिंगच्या काचा घातल्या, जमिनीपासून छतापर्यंत, नवीन पर्वरीसारख्या.

परवा आईला व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं. तिने चष्मा वर सरकवून शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे उजवाड दिसलो जाल्यार जनेलाकडेन वचप ना."

म्हटलं हो, तेवढंच. लांब व्हायचं, टेबलाखाली बसायचं आणि धक्का येऊन जाईपर्यंत उठायचं नाही.

थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "तीं पोरनीं जनेलां गोठ्यांत आसात. फाल्यां भंगारवालो व्हरपाक येतलो. ताका नाका म्हण सांगू?"