राखीव जागेचा सदुपयोग

शाळेच्या फाटकाला अगदी लागून असलेली, जमिनीवर व्हीलचेअरचे चिन्ह रंगवलेली पार्किंगची जागा सकाळी रिकामी दिसली, तर सुजाण पालकाने मुळीच संकोच करू नये. ‘दोनच मिनिटे’ असे पुटपुटून गाडी आत घालावी आणि चारही इंडिकेटर चालू ठेवावेत. ते लुकलुकत असले की गाडी उभी आहे असे धरायचे नसते, हे कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नसले तरी सर्वमान्य आहे. ही दोन मिनिटे घंटा होण्याच्या जरा आधीची निवडावीत, कारण ज्या मुलासाठी ती जागा राखली आहे त्यालाही ती नेमकी तेव्हाच लागते. ‘एरवी दिवसभर ती रिकामीच तर असते’ हा आपला युक्तिवाद बिनतोड आहे, कारण एरवी दिवसभर मुले वर्गात असतात.

शेजारचे तिरपे पट्टे ही नक्षी समजावी. अनेक नियमावल्यांत या जागेची रुंदी पट्ट्यांसह साधारण 3.6 मीटर धरलेली असते, ती गाडीच्या बाजूने रॅम्प सोडून व्हीलचेअर उतरवता आणि वळवता यावी म्हणून. पण एवढ्या रुंदीत आपली दुचाकीही मावते, हे नियम करणाऱ्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही. विजेवर चालणारी खुर्ची मुलासकट सहज शंभर किलोंच्या पुढे जाते आणि ती उचलून दुचाकीवरून पलीकडे नेता येत नाही, ही अडचण आपली नव्हे.

एखाद्या गाडीतून मूल चालत उतरले, तर मात्र आपण जागरूक नागरिक व्हावे. चिन्हात खुर्ची आहे, तेव्हा खुर्ची दिसलीच पाहिजे. मूल स्वमग्न असेल आणि हात सुटताच गाड्यांच्या गर्दीत धावत सुटत असेल, हृदयविकारामुळे चार पावलांत त्याला धाप लागत असेल किंवा त्याला अपस्माराचे झटके येत असतील, तरी या गोष्टी त्याच्या आईने फाटकापाशी, सर्वांसमक्ष, मुलाच्या देखत आपल्याला पटवून द्यायला हव्यात. हे चिन्ह 1968 मध्ये सुझान कोफोएड या डॅनिश विद्यार्थिनीने रेखाटले, तेव्हा त्यातील आकृतीला डोके नव्हते. ते नंतर बसवण्यात आले. आपण मूळ आराखड्याशी एकनिष्ठ राहावे.

शाळांना वेगळे शिकवण्याची गरज नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2006 मधील करारात, सुगम्यतेच्या नवव्या कलमात शाळांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याचा मान म्हणून एक फलक लावावा आणि समारंभाच्या दिवशी ती जागा प्रमुख पाहुण्यांसाठी राखावी.

एवढे करूनही कोणी आपल्या गाडीची काच ठोठावलीच, तर ‘राखीव जागा आहे हे लक्षातच आले नाही’ असे निरागसपणे सांगावे. चिन्ह गाडीखाली असल्यामुळे ते दाखवून देणे समोरच्याला जड जाते.